नवरा म्हणतो, डायसनच्या बायकोनं कधी हिशेब मागितला नव्हता

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३८ वर्षांची, डोंबिवलीला राहते, एका खाजगी शाळेत शिकवते. नवरा रबाळ्याच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनीअर होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली. घरच्या घरी ओला नारळ खवायचं विजेवरचं छोटं यंत्र करायचं त्याच्या डोक्यात होतं. आम्ही मूळचे मालवणकडचे, घरात रोज नारळ लागतो, त्यामुळे कल्पना मलाही आवडली होती. आता गॅलरीचं वर्कशॉप झालंय. चौदा मॉडेलं झाली. त्याचा पीएफ संपला, दोन एफडी मोडल्या, घर माझ्या पगारावर चालतं. मुलगी सातवीत आहे.

‘अजून किती दिवस?’ असं विचारलं की तो म्हणतो, ‘डायसननं ५,१२७ मॉडेलं केली. त्याच्या बायकोनं कधी हिशेब मागितला नव्हता.’ डायसन म्हणजे तो बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर काढणारा इंग्रज. हा आकडा त्यानं मोठ्या अक्षरांत काढून फ्रिजवर चिकटवलाय.

आता दोन गोष्टी एकदम आल्यात. त्याचा एक मित्र आठ लाख घालायला तयार आहे. कंपनी काढायची, मित्राचे साठ टक्के, ह्याचे चाळीस, आणि पेटंट कंपनीच्या नावानं घ्यायचं. वर यंत्राच्या प्लास्टिक बॉडीच्या साच्यासाठी पंधरा लाखांचं कर्ज आमच्या फ्लॅटवर काढायचं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. पुढच्या महिन्यात मला सही करायला सांगतोय.

तो वाईट नाही हो. व्यसन नाही, मुलीचा डबा तोच भरतो. त्याची उमेद मोडावी असं मला वाटत नाही. पण रात्री झोप लागत नाही. मीच त्याच्या पायात अडकलेय का? (सासूबाई मात्र अजूनही विळीवरच खवतात. ते जाऊ दे.)

– एक वाचक, डोंबिवली

* * *

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून एक नारळ फोडला. खरंच. विळी घेऊन खाली बसले आणि खवताना पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे नीट बघितलं. वाटीच्या कडेपासून सुरुवात केली की पहिला मिनिटभर पांढराशुभ्र कीस भराभर पडतो. मग तळ जवळ येतो, हात आपोआप हलका होतो, वाटी थोडी थोडी फिरत राहते, आणि पाठीचा तपकिरी पापुद्रा दिसायच्या आत मनगट थांबतं. थांबलं नाही तर सोलकढीला तो मातकट रंग येतो आणि घरात कोणीतरी बोलून दाखवतं. दोन वाट्या कधी सारख्या नसतात. एक खोल, एक उथळ, एखादी फुटताना वाकडी गेलेली. हे सगळं मनगटाला कळतं, मोटरला ते शिकवायचं म्हणजे सोपं काम नाही. तुमच्या नवऱ्यानं धरलेला प्रश्न खरा आहे, अवघड आहे आणि चौदा मॉडेलं होणं यात लाजण्यासारखं काही नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी त्याच्या विरुद्ध पार्टीत आहे असं त्याला वाटणार नाही. हे पत्र तुम्ही त्याला दाखवणार, हे मी धरूनच चाललेय.

आता डायसनच्या बायकोबद्दल. तिचं नाव डिअर्ड्रा. फ्रिजवर आकडा मावतो, तिचं नाव मावलं नाही.

जेम्स डायसन आणि ती लंडनच्या बायम शॉ कलाशाळेत भेटले, दोघंही चित्रकलेचे विद्यार्थी. पुढे तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. फर्निचर, मग इंटिरिअर असं करत करत वस्तूंच्या डिझाइनकडे वळला. इंजिनीअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. पाठीशी पैसाही नव्हता. १९४७ चा जन्म, इंग्लंडच्या नॉरफकमधला. वडील शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचे, ते १९५६ मध्ये कॅन्सरनं गेले, मुलगा नऊ वर्षांचा. शाळेनं फीची सवलत दिली म्हणून तो तिथे शिकू शकला. म्हणजे ‘शून्यातून’ वगैरे जे म्हणतात ते त्याच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे.

ती ५,१२७ मॉडेलं झाली १९७९ ते १९८४ या काळात. बाथ शहराजवळच्या बाथफर्ड गावात त्यांचं घर होतं, मागच्या अंगाला पूर्वी घोडागाडी ठेवायची एक खोली होती, तिथे. घरात तीन लहान मुलं. या पाच वर्षांत डिअर्ड्रा चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायची, स्वतःची चित्रं विकायची. भाजी घरची, मुलांचे कपडे घरी शिवलेले, घरावर कर्ज. डायसन स्वतः हे कधी लपवत नाही, उलट वारंवार सांगतो. आता तुम्हीच बघा, ज्या घरात भाजी परसातून येते आणि फ्रॉक घरच्या मशीनवर शिवला जातो, तिथे बायकोनं हिशेब मागायचा कशाला? तो रोज ताटात वाढलेला असतो. तुमच्या नवऱ्यानं तिला गोष्टीत आणलं ते बरंच केलं, कारण ती आज तुम्ही जिथे उभ्या आहात तिथेच उभी होती. आणि ती पायात अडकली होती असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता त्या आकड्याची जरा उलटतपासणी करू. माझ्या मते फ्रिजवरचा कागद इथे फसवतो.

गोष्ट ५,१२७ पासून सुरू होत नाही. ती एका रात्रीपासून सुरू होते. १९७८ चं साल. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नीट ओढेना. डायसननं उघडून पाहिलं तर आतली धूळ साठवायची पिशवी गच्च भरलेली वगैरे काही नव्हती; तिची बारीक छिद्रं धुळीनं बुजली होती, हवा जायला वाट नव्हती. नेमकी तीच कटकट त्याच्या तेव्हाच्या, बागेतल्या हातगाड्यांच्या कारखान्यात चालू होती. तिथे रंगाची पूड फवारायचे आणि हवा गाळणारं कापड सारखं तुंबायचं. लाकडाच्या गिरण्यांमध्ये भुसा पकडायला छपरावर मोठा पत्र्याचा शंकू असतो, असं त्याला कळलं. आपल्याकडेही असतो तो, सॉ मिलच्या वर उलट्या नरसाळ्यासारखा दिसतो, त्याला सायक्लोनच म्हणतात. हवा आत गरगर फिरते, आणि घाटातल्या वळणावर एसटीत आपण जसे खिडकीकडे फेकले जातो तशी धूळ भिंतीकडे फेकली जाऊन खाली पडते. कापड नाही, पिशवी नाही, तुंबण्यासारखं काही नाही. डायसन रात्री जाऊन तो शंकू बघून आला, कारखान्यासाठी तसा बनवला. मग घरी पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन त्याचा छोटा अवतार केला, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी काढून तिथे जोडला आणि घर झाडलं. चाललं ते.

लक्षात आलं ना? कल्पना चालते की नाही, हे त्याला पहिल्याच रात्री पुठ्ठ्यावर कळलं होतं. नंतरची पाच हजार मॉडेलं अगदी बारीक धूळसुद्धा सुटू नये म्हणून, शंकूचा कोन, तोंडाची रुंदी, उंची यांत जुळवाजुळव करण्यासाठी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चाचणी घ्यायची, लिहून ठेवायची, मग पुढची. मी सहज भागाकार केला. पाच वर्षांत ५,१२७ म्हणजे रोज जवळपास तीन. रोज तीन मॉडेलं करणारा माणूस प्रत्येकावर किती पैसे घालत असेल? हातानं वाकवलेला पत्रा, जुळवलेला शंकू, बस्स. रंगवलेली, झाकण लावलेली, बटण बसवलेली वस्तू तो रोज करत नव्हता.

तुमच्याकडे तीन वर्षांत चौदा. म्हणजे एकेक मॉडेल अडीच-तीन महिन्यांचं. माझा अंदाज असा, की प्रत्येक वेळी तो पूर्ण यंत्र करतो, बॉडीसकट, थ्रीडी प्रिंट काढून, पाती सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, करून आणून. मग चालत नाही. मग काय चुकलं ते कळत नाही, कारण एकदम पाच गोष्टी बदललेल्या असतात. तेव्हा ५,१२७ आणि १४ यांची तुलनाच होत नाही. ते वेगळं काम, हे वेगळं काम. त्याला भांडणाच्या सुरात न विचारता एवढंच विचारा: पुठ्ठ्याच्या रात्रीसारखी आपली एक रात्र झाली का? बॉडी नाही, बटण नाही, नुसती मोटर आणि पातं क्लॅम्पला बांधून, कुठल्याही आकाराची वाटी, पाठ न येता, हाताला भीती न वाटता, दहातल्या नऊ वेळा खवली गेली का? झाली असेल तर पुढचं सगळं मॉडेलांचं काम आहे, वेळ द्या. झाली नसेल तर साच्याचा विषय आजच्या तारखेला बंद. प्लास्टिकचा साचा एकदा पोलादात कापला की त्यात मन बदलायला फार पैसे पडतात, हे डिझाइन इंजिनीअरला मी सांगायची गरज नाही.

आणि वही. चौदा मॉडेलांची वही आहे का? असेल तर एका रविवारी ती घेऊन दोघं बसा. तुम्ही शिक्षिका आहात, प्रयोगवही तपासायची तुम्हाला सवय आहे. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण. अनुमान सर्वात शेवटी.

आता मित्राचे आठ लाख. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ ‘पेटंट कंपनीच्या नावानं’ ही आहे.

व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी डायसननं दुसरीच एक वस्तू केली होती. बागकामाची एकचाकी हातगाडी चिखलात रुतायची, तिचं अरुंद चाक काढून त्यानं तिथे मोठा फुगीर चेंडू बसवला. बॉलबॅरो म्हणायचे तिला. १९७४ मध्ये आली, चांगली चालली, तिला डिझाइनचं बक्षीसही मिळालं. पण कंपनी काढताना त्यानं पेटंट स्वतःच्या नावावर न ठेवता कंपनीला देऊन टाकलं. भागीदार वाढले, कर्ज वाढलं, त्याचा हिस्सा पातळ होत गेला. १९७९ मध्ये भागीदारांनी त्यालाच बाहेर काढलं. चेंडू त्याच्या डोक्यातला, नाव त्याचं, आणि त्याच्या हातात काय उरलं तर काही नाही. फ्रिजवर लावायचाच असेल तर मी हा प्रसंग लावीन. व्हॅक्यूम क्लीनरच्या वेळी तो पेटंटाच्या बाबतीत जो हट्टी झाला, पुढे मोठमोठ्या कंपन्यांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला, त्याचं मूळ या हातगाडीत आहे.

पण लगेच असंही समजू नका की पैसे घालणारा मित्र म्हणजे घात. त्याच डायसनला जेरेमी फ्राय नावाचा माणूस भेटला होता. फ्राय स्वतः उद्योजक आणि कल्पक. त्यानं कॉलेजातल्या या पोराला सपाट तळाची जलद बोट करायला दिली, अनुभव नसताना. आणि बॉलबॅरोनंतर, डायसनच्या हातात काही नसताना, व्हॅक्यूम क्लीनरसाठी २५,००० पौंड घातले. तेवढेच डायसननं आपल्या बाजूनं उभे केले, काही जमीन विकून, काही कर्ज काढून. दोन्ही वेळा बाहेरचा पैसा होता. फरक कागदात होता.

तर कागद. आपल्याकडे पेटंटचा अर्ज एकट्या व्यक्तीला स्वतःच्या नावानं करता येतो. आधी तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाकायचा, त्या तारखेपासून बारा महिन्यांत पूर्ण तपशीलवार अर्ज द्यायचा. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. वकिलाची फी त्याहून बरीच जास्त होते, ती विचारून घ्या. आठ लाख यायच्या आधी, भागीदारीच्या कुठल्याही कागदावर सही व्हायच्या आधी, हा अर्ज नवऱ्याच्या नावानं जाऊ दे. मग कंपनीला ते वापरायचा परवाना द्या, लेखी, अटींसकट: एवढ्या वर्षांत एवढी यंत्रं बाजारात आली नाहीत, किंवा त्याला कंपनीतून काढलं, तर हक्क परत. मित्र म्हणेल, पेटंट कंपनीतच पाहिजे. पैसे घालणारे असं म्हणतात, त्यांचंही अगदीच चुकत नाही. मग बोलणी हिश्शावर येऊ द्या. डोकं ह्याचं, तीन वर्षं ह्याची, दोन एफडी तुमच्या, आणि आठ लाखांना साठ टक्के? तुमचे मोडलेले पैसे आणि तीन वर्षांचा घरखर्च मांडून बघा कितीवर जातो. मला तर वाटतं त्या कंपनीतली खरी मोठी गुंतवणूकदार डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवतेय आणि तिचं नाव कागदावर कुठेच नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हे यंत्र त्यानं कुठल्या प्रदर्शनात मांडलंय का, व्हिडिओ करून टाकलाय का? अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की पेटंटच्या दृष्टीनं ती ‘नवी’ राहत नाही. सवलती आहेत पण फार अरुंद. असं काही झालं असेल तर वकिलाला ते पहिल्या भेटीतच सांगा. आणि आधीचं काय काय आहे तेही बघायला सांगा. दक्षिणेत वेट ग्राइंडरला नारळ खवायची जोडणी सर्रास मिळते, कोइमतूरचे ग्राइंडर त्यासकट विकले जातात. तुमच्या नवऱ्याच्या यंत्रात त्याहून वेगळं काय, हे त्याला दोन वाक्यांत सांगता यायला हवं. पाठ न येऊ देणं हेच जर वेगळेपण असेल, तर झकास. तेच दोन वाक्यांत लिहा.

फ्लॅटवर येते. दोघांच्या नावावरचं घर तारण ठेवायचं तर तुमची सही लागते, आणि ती सही साक्षीदाराची नसते. हप्ते थकले तर बँक तुमच्याही दारात येते. डायसननंही घर पणाला लावलं, हे खरं, आणि नवरा ते तुम्हाला सांगणारच. म्हणून पुढचा भागही सांगते. ५,१२७ वं मॉडेल जमलं त्या दिवशी त्या घरात पैसा आला नाही. तो मॉडेल घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवत फिरला. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्यांचा पिशव्या विकण्याचाही धंदा असतो; पिशवीच नको म्हणणाऱ्याला कोण घरात घेईल? अमेरिकेत एक करार झाला, तो फिसकटून कोर्टात गेला. शेवटी जपानमध्ये एका कंपनीनं परवाना घेतला आणि १९८६ मध्ये तिथे गुलाबी रंगाचं, भयंकर महाग मशीन निघालं, जी-फोर्स नावाचं. त्या पैशांवर तो तगला. स्वतःच्या कारखान्यातलं स्वतःच्या नावाचं पहिलं मशीन, डीसी०१, बाजारात आलं १९९३ मध्ये. पुठ्ठ्याच्या रात्रीपासून पंधरा वर्षं. नंतर अब्जावधी आले, हेही खरं. २०१९ मध्ये त्यानं विजेच्या मोटारीचा बेत गुंडाळला तेव्हा ५० कोटी पौंड पाण्यात गेले म्हणून त्यानंच सांगितलं, आणि तरी तो बुडाला नाही. ते भरलेल्या खिशातलं धाडस होतं. त्याच्या आधीच्या गोष्टीत मात्र प्रत्येक टप्प्यावर कुणाचा तरी पगार, कुणाचा तरी परवाना, कुणाची तरी ओळख होती.

आपल्याकडचंच बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. नांगराचा कारखाना काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण सुरुवातीला ते मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत नोकरी करत होते, मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत होते आणि तिकडे भाऊ रामूअण्णा त्या विकत होते. पगार चालू, धंदा चालू. नोकरी सोडून बेळगावला गेल्यावरही कडबा कापायची यंत्रं होती. लोखंडी नांगर आला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते, आणि पहिली दोन वर्षं नांगराला गिऱ्हाईक नव्हतं. दोन वर्षं! दुसरं काही विकत नसते तर १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहायला माणूस उरला असता का?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते, तुम्ही विचारलंय म्हणून. फ्लॅटवर सही करू नका. निदान पुठ्ठ्याची रात्र होईपर्यंत, पेटंटचा अर्ज त्याच्या नावानं जाईपर्यंत आणि वीस अनोळखी घरांनी यंत्र महिनाभर वापरून पैसे द्यायची तयारी दाखवेपर्यंत. त्यानंतर पुन्हा विचार करा, तेव्हाही पंधरा नाही, जेवढं तुमच्या पगारातून हप्ता जाऊन घर चालेल तेवढंच. दरम्यान त्यानं डिझाइनची बाहेरची कामं घ्यावीत, आठवड्यातले तीन दिवस. ड्रॉइंग काढून देणारा माणूस रबाळे-तळोज्याला कायम लागतो. यानं त्याचा वेळ जाईल असं तो म्हणेल. जाईल. पण दर महिन्याला घरात थोडे पैसे आणणाऱ्या माणसाला ‘अजून किती दिवस’ कोणी इतक्या वेळा विचारत नाही, हा फायदा त्याच्या अजून ध्यानात आलेला दिसत नाही.

सही नाकारताना ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ असं वाक्य निघू देऊ नका. तसं तुमच्या मनातही नाही. ‘यंत्रावर विश्वास बसायला मला अजून एक गोष्ट बघायचीय’ असं म्हणा, आणि ती गोष्ट कोणती ते नेमकं सांगा. धूसर नकारानं माणूस खचतो. नेमक्या नकाराला तो उत्तर शोधायला लागतो, इंजिनीअर तर नक्कीच.

शेवटी कंसातल्या त्या ओळीकडे येते. ‘ते जाऊ दे’ असं तुम्ही लिहिलंय, पण मी काही जाऊ देणार नाही.

डायसननं मशीनचं धुळीचं भांडं पारदर्शक ठेवलं तेव्हा बाजाराची पाहणी करणारे, दुकानदार, सगळे म्हणाले, लोकांना घाण बघायला आवडत नाही. त्यानं ऐकलं नाही आणि लोकांना ते भलतंच आवडलं. किती धूळ निघाली हे बघण्यातच मजा होती. तुमचा नवरा हा किस्सा सांगून म्हणेल, लोकांना विचारून काय होतं? बरोबर आहे त्याचं. फक्त डायसन स्वतः घर झाडायचा. बंद पिशवी काढताना अंगावर उडणारी धूळ त्यानं स्वतः खाल्ली होती, म्हणून त्याला पाहणीपेक्षा जास्त माहीत होतं.

तुमच्याकडे रोजचा नारळ कोण खवतं? पत्रावरून दिसतं की सासूबाई. कारागिराची आई, मालवणची, चौदा मॉडेलं गॅलरीत ठेवलेली असताना रोज सकाळी विळी घेऊन खाली बसते. वयानं गुडघे दुखत असतील, तरी बसते. यंत्राला आवाज फार येतो म्हणून? धुवायला दहा भाग सुटे करावे लागतात म्हणून? एका वाटीसाठी ते खाली काढायचा कंटाळा म्हणून? की कीस हवा तसा पडत नाही, लांब दोऱ्यासारखा पडतो आणि वाटणाला चालत नाही? तिला कुणी विचारलंय का, आणि तेही मुलानं, हातात वही घेऊन? महिनाभर रोजचा नारळ त्यालाच खवू द्या, विळीवर, तिच्या शेजारी बसून. आणि पंधराव्या मॉडेलाला सुरुवात करण्याआधी ती काय म्हणाली ते मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.